चर्चा: ट्रेनिंग चालू असतानाची सरासरी निकाल म्हणून छापावी का?

मुळाकाठ
डिस्ट्रिब्युटेड रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये, म्हणजे करून-चुकून शिकण्याचं काम अनेक प्रोग्रॅममध्ये वाटलेलं असताना, शिकणाऱ्या एका प्रोग्रॅमला (लर्नर) खेळून बघणारे शेकडो प्रोग्रॅम (वर्कर) अनुभव पुरवतात. एपिसोड (एक पूर्ण खेळ) संपला की प्रत्येक वर्कर रिवॉर्डची (मिळालेल्या गुणांची) बेरीज पाठवतो आणि डॅशबोर्डवर 'सरासरी एपिसोड रिवॉर्ड' अशी एकच रेघ चढताना दिसते. पुढे तीच रेघ रिपोर्टमध्ये जाते, याला माझा विरोध आहे. ट्रेनिंग सुरळीत चाललंय का, हे बघण्यापुरती ती ठीक. निकाल म्हणून नाही.

कार्टपोल घ्या, म्हणजे गाडीवर दांडी तोलायचा सरावाचा खेळ. दांडी जितक्या स्टेप उभी राहील तितके गुण, कमाल ५००. ६४ वर्कर एकदम सुरू केले आणि ५० स्टेपनंतर हिशेब मागितला, तर संपलेले एपिसोड कोणते असणार? ज्यांची दांडी तोवर पडली तेवढेच. पॉलिसीची (चाल निवडण्याच्या शिकलेल्या पद्धतीची) खरी सरासरी २०० असली तरी हा आकडा ५० च्या वर जाऊच शकत नाही. माउंटन कारमध्ये (गाडी डोंगरावर चढवायचा खेळ) नेमकं उलटं. तिथे दर स्टेपला उणे १, त्यामुळे लवकर संपलेला एपिसोड चांगला, आणि हाच हिशेब पॉलिसीला आहे त्याहून हुशार दाखवतो.

शिवाय ही सरासरी नक्की कोणाची? इम्पालासारख्या (२०१८) डिस्ट्रिब्युटेड रचनेत वर्करकडचे वेट्स (पॉलिसी ठरवणारे आकडे) लर्नरच्या मागे, म्हणजे जुने असतात; हा फरक भरून काढणारी व्ही-ट्रेसची दुरुस्ती आली ती त्यामुळेच. एपिसोड लांबलचक असेल आणि वेट्स मध्येच बदलले, तर त्याचे गुण दोन-तीन पॉलिसींची मिळून कमाई असते. वेगळे इव्हॅल्युएशन (फक्त तपासणी करणारे) वर्कर ठेवा, वेट्स गोठवा, ठरलेले सगळे एपिसोड शेवटपर्यंत चालू द्या आणि मग आकडा सांगा.

सह्यकडा
अजिबात पटलं नाही. कार्टपोलचं उदाहरण पहिल्या काही मिनिटांचं आहे. वर्कर एकदा पुढेमागे झाले की छोटे-मोठे सगळे एपिसोड हिशेबात येतात.

आणि वेगळं इव्हॅल्युएशन म्हणजे सोवळं, असं का धरून चालता? वीस चेकपॉइंट (ट्रेनिंगमध्ये मधूनमधून साठवलेल्या वेट्सच्या प्रती) तपासायचे आणि सर्वांत चांगला छापायचा, हा उद्योग तिथूनच सुरू होतो. मार्लोस मचाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अटारी (जुने व्हिडिओ गेम) प्रयोगांबाबत सुचवलं ते याच्या उलट: ट्रेनिंगमधल्याच शेवटच्या १०० एपिसोडची सरासरी, आधी ठरवलेल्या फ्रेमसंख्येला. शिकताना एजंट (शिकणारा खेळाडू) किती पडला, किती सावरला हेही त्यात दिसतं. सिम्युलेटर महाग असेल तर इव्हॅल्युएशनवर जाणारी प्रत्येक स्टेप शिकण्यातून वजा होते, तो खर्च कोण भरणार?

मुळाकाठ
सर्वोत्तम चेकपॉइंट निवडणं चूकच, पण तो दोष निवडणाऱ्याचा. शेवटचाच चेकपॉइंट तपासायचा असं आधी ठरवलं की प्रश्न मिटतो.

'पहिल्या काही मिनिटांचं' हे मात्र मान्य नाही. दर फेरीला सगळी एन्व्हायर्नमेंट (वर्करपुढचे खेळ) रीसेट करणाऱ्या रचनेत, किंवा मंद वर्करची वाट न बघता हिशेब बंद करणाऱ्या रचनेत, लांब एपिसोड दर वेळी गळतात. आरएललिब या लायब्ररीमध्ये मूळ सेटिंगनुसार सरासरी १०० एपिसोडवर घेतली जाते, आणि फेरीत तेवढे संपले नसतील तर आधीच्या फेऱ्यांतले जोडले जातात. रेघ गुळगुळीत होते, पण पॉलिसी कोसळली तरी ती उशिरा खाली येते.

उंबरठा
तुम्ही दोघं सरासरी कधीची यावर भांडताय. ती जोडली कशी, हे आधी बघा. एका वर्करचे ४० एपिसोड संपले, सरासरी २०. दुसऱ्याचे २ संपले, सरासरी ४००. दोन सरासऱ्यांची सरासरी २१०. सगळे ४२ एपिसोड एकत्र धरले तर साधारण ३८. दोन्ही आकडे 'मीन रिवॉर्ड' याच नावाने लॉगमध्ये बसतात! वर्करने सरासरी पाठवूच नये. बेरीज आणि एपिसोडची संख्या पाठवावी, भागाकार एकाच जागी व्हावा.

तरी ३८ म्हणजे सत्य असं नाही. एप-एक्स या दुसऱ्या डिस्ट्रिब्युटेड रचनेच्या अटारी प्रयोगांत ३६० ॲक्टर (तिथले वर्कर) होते आणि प्रत्येकाचा एप्सिलॉन (अंदाधुंद चाल खेळण्याची शक्यता) वेगळा: एकाचा ०.४, तर दुसऱ्या टोकाचा ०.००१ पेक्षाही कमी. अशांची एकत्र सरासरी कोणाचीच नसते. तिथे मी मुळाकाठ यांच्या बाजूने.

अटारीतली आणखी एक खोच. एक जीव गेला की एपिसोड संपला असं मानणारा रॅपर (खेळाभोवती चढवलेला कोडचा थर) आणि रिवॉर्ड उणे १ ते १ मध्ये कापणारा रॅपर, दोन्ही शिकण्यासाठी असतात. गुण नोंदवणारा मॉनिटर त्यांच्या बाहेर लावला, तर पूर्ण खेळाऐवजी एका जिवाचे, कापलेले गुण लॉगमध्ये पडतात. तो आत, मूळ खेळाला चिकटूनच हवा.

सह्यकडा
बेरीज-संख्येचं मान्य, मॉनिटरचंही. एप-एक्ससारख्या रचनेत सगळ्यांची सरासरी काढू नये, सर्वांत कमी एप्सिलॉनच्या ॲक्टरची रेघ वेगळी काढावी. त्यासाठी नवे वर्कर लागत नाहीत, हे मुळाकाठ यांनी ध्यानात घ्यावं. प्रत्येक एपिसोडबरोबर सुरुवातीची आणि शेवटची वेट्स-आवृत्ती लिहिली की 'सरासरी कोणाची' याचं उत्तर लॉगमध्येच मिळतं.

पण ट्रेनिंगची रेघ निकालातून काढायला माझी तयारी नाही. गोदामात किंवा रोबोटवर शिकणारा एजंट शिकतानाच नुकसान करत असतो, आणि गोठवलेल्या वेट्सच्या तपासणीत ते नुकसान कुठेच दिसत नाही.

मुळाकाठ
प्रत्यक्ष रोबोटबाबत मान्य, तिथे शिकतानाचे गुणही निकालाचाच भाग. सिम्युलेटरवर शिकवून पॉलिसी बाहेर द्यायची असेल, तर गोठवलेल्या वेट्सचाच आकडा मागणार. आवृत्ती लिहूनही अर्धवट राहिलेले एपिसोड हिशेबात येत नाहीत. ते किती होते आणि कोणत्या स्टेपला तुटले, एवढं तरी प्रत्येक ग्राफखाली लिहा.