शिबिराला आलेल्या पोरांनी बंधारा बांधावा की सातबारा वाचावा?

सावित्रीकाठ
काल तालुक्याच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "कॉलेजची पोरं सात दिवस कातकरवाडीत राहतात, फोटो काढतात, निघून जातात. त्यानं कुणाला घर मिळालं? त्यापेक्षा एखादा बंधारा बांधा." रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी दोन वर्षं एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत होते. शिबिरात आमच्याकडे शोषखड्ड्यांचं काम होतं. दुसऱ्याच दिवशी एका आजीनं माझा हात धरला. "इथं खणू नको बाय, शेठ ओरडंल." ती जन्मली त्याच अंगणात, आणि तिथे खड्डा खणायला शेठची परवानगी! मग फावडी ठेवली आणि घरोघर कागद बघत फिरलो. घरपट्टीच्या पावत्या बहुतेकांनी डब्यात जपून ठेवलेल्या, जागेचा कागद एकाकडेही नाही. सातबारा काढला तर त्यावर मालकाचं नाव आणि पिकाच्या रकान्यात 'गवत पड'. तीसेक कुटुंबं राहतात तिथे दप्तरात गवत आहे. हे मला कुठल्याच वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

घरकुल का अडतं तेही तिथेच कळलं. ग्रामीण घरकुलाचे तेव्हा 1,20,000 रुपये मिळत, पण पायाखालची जागा आपली लागते. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे. तिच्यात सुरुवातीला 500 चौरस फुटांपर्यंत 50,000 रुपये मिळत. आपल्याकडे त्यात अर्धा गुंठा कोण देतो? 2023 साली कातकऱ्यांसारख्या आदिवासींसाठी पीएम-जनमन योजना आली, घराची रक्कम 2 लाख झाली, जागेचं घोडं तिथेच अडलेलं.

रोहेकर
ते काका मीच. ताई, तुमचं शिबिर डिसेंबरात झालं असणार. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. तुम्ही पाहिलीत ती म्हातारीकोतारी. एवढ्यावर वाडी कळली म्हणू नका. बंधारा बांधला असता तर निदान पाणी राहिलं असतं.

सावित्रीकाठ
काका, घरांना कुलपं कशी, हे आम्हीही विचारलं. तेव्हा कळलं की घरकुलाचा सर्व्हे करणारेही भट्टीच्या हंगामातच आले होते. कुलूप दिसलं, कुटुंब यादीतून गेलं. आणि बंधारा कुणाच्या जागेत बांधायचा? त्यालाही शेठची सही लागेल.

चाकरमानी
कागदाचं दुखणं फक्त वाडीला नाही हो. श्रीवर्धनला आमचं घर, सातबाऱ्यावर 42 नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पत्रे, वासे सगळं गेलं. पंचनामा झाला आज्याच्या नावानं, जो मी शाळेत असतानाच गेला. मदत घ्यायला चुलत्यांची संमतीपत्रं आणा म्हणाले. लॉकडाऊनमध्ये कुठून आणू? माझ्या आईनं तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. आमच्याकडे कुठलं कॉलेज आलं नाही.

खारेपाट
भाऊ, तुमचं घर वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीला आणि शिमग्याला. त्याची वाडीशी बरोबरी करू नका.

चाकरमानी
बंद घर म्हणायचं नाही! आई तिथेच राहते. वडिलांनी गिरणीत हाडं झिजवून ते घर उभं केलं. वारस नोंदीसाठी मी सात वर्षं खेटे घालतोय. एक चुलता सही देत नाही, कारण त्याला त्याचा हिस्सा बंगलेवाल्याला विकायचाय. हा अन्याय नाही का?

खारेपाट
अन्याय आहे. आई तिथे राहतात हे माहीत नव्हतं, तो शब्द मागे घेतो. पण तुमचं 42 जणांत का होईना, नाव आहे. माझंच सांगतो. माझा पणजा चरीच्या संपात होता, खोतांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या संपात. 1933 ते 1939, सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले. पुढे खोती गेली, कूळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं आम्ही मालक झालो. आमच्या बांधावर राहणारा कातकरी मात्र कूळ धरला गेला नाही. तो गडी होता, खंड भरत नव्हता, म्हणून कुठल्याच रकान्यात बसला नाही. सावित्रीकाठ म्हणतात ते शेठ आम्हीच आहोत. हे मला माझ्या मुलीनं शिबिरावरून येऊन विचारलं, "बाबा, आपल्या जागेत किती घरं आहेत?" जेवताना विचारलं. घास उतरला नाही.

रोहेकर
मग द्या ना संमती लिहून.

खारेपाट
भावांशी बोलणं चालू आहे. दोघे तयार नाहीत.

सावित्रीकाठ
संमतीच्या पलीकडेही वाट आहे. जमीन महसूल संहिता 1966, कलम 122. त्याखाली गावठाणाची, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जागेची हद्द ठरवणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे. आमच्या मुलांनी वाडीचा हातनकाशा काढला, घरपट्टीच्या पावत्या लावल्या, ग्रामसभेत ठराव मांडला. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेत ती आजी स्वतः उभी राहून बोलली.

चाकरमानी
ठराव झाला का?

सावित्रीकाठ
झाला. प्रस्ताव गेला, उत्तर नाही. दर महिन्याला आमच्यातलं कोणीतरी विचारायला जातं. आणि भाऊ, वारस नोंदीचा अर्ज कुठे अडलाय ते मला कळवा, तुमच्या आईंसोबत मी जाईन.

रोहेकर
बंधाऱ्याचं माझं मत तेच आहे. पण कुलपाचं मला सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. शिबिर मेच्या अखेरीला घ्या, माणसं परतलेली असतात. तलाठ्याकडे मी बरोबर येतो.

सावित्रीकाठ
मेमध्ये परीक्षा असतात काका. तरी सरांना विचारते.