मदत हवी आहे: शाळेच्या वस्त्यांची सामाजिक-आर्थिक माहिती कशी गोळा करू? (तातडीचं)

टेकडीवरची_शाळा
नमस्कार. आमच्या शाळेत ज्या वस्त्यांवरून मुलं येतात, त्या सगळ्यांची सामाजिक व आर्थिक माहिती जोडून प्रस्ताव सोमवारी द्यायचा आहे. नमुना कुणीच दिलेला नाही. जुनी फाइल काढून बघितली तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत ‘व्यवसाय : शेती व मजुरी, उत्पन्न : २१,०००’ असंच लिहिलेलं. हे मला पुन्हा पाठवायचं नाही. चांगली प्रश्नावली असेल तर कृपया आजच टाका. दिवाळीच्या आत मंजुरी नाही आली तर काही उपयोग नाही.

एक्सेलवाला
सर, गूगल फॉर्म करा आणि पालकांच्या ग्रुपवर लिंक टाका. घरोघर फिरायची गरजच नाही. माहिती आली की मला शीट पाठवा, तक्ते आणि आलेख मी रात्रीत काढून देतो.

खडूफळा
प्रस्ताव कशाचा? जिल्हा कुठला? कितवीपर्यंत वर्ग? दिवाळीचा काय संबंध? हे कळल्याशिवाय नमुना कसा देणार? शाळा विकास आराखड्याची माहिती वेगळी आणि वर्गखोलीच्या मागणीची वेगळी.

अभ्यासिका
पाचवीची मुलं असतील तर नवोदयचे अर्ज आधी भरून घ्या. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, बारावीपर्यंत राहण्या-जेवणाची सोय होते. घरातलं एक मूल लागलं तरी त्या घराची परिस्थिती बदलते.

टेकडीवरची_शाळा
सर नाही, मॅडम. बीड जिल्हा, बालाघाट डोंगरावरचं गाव. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट ४३. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि दिवाळीनंतर वर्गात पंधरा-सोळा मुलं उरतात. मग प्रस्ताव हंगामी वसतिगृहाचाच असणार ना, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावातच राहतील अशा सोयीचा! गूगल फॉर्म इथे चालणार नाही. स्मार्टफोन बापाच्या खिशात असतो आणि बाप आत्ता मुकादमाकडे (टोळी नेणाऱ्याकडे) चकरा मारतोय. नवोदयचे अर्ज चाललेत, पण ज्याची परीक्षा ऐन हंगामात तो परीक्षेच्या दिवशी कुठल्या उसाच्या फडात असेल हे त्याच्या बापालाही माहीत नसतं. प्रश्नावलीचं बोला.

कोयत्याचा_पोरगा
मॅडम, मी अशाच ऊसतोडीच्या घरातला. सातवीपर्यंतचे हिवाळे कारखान्यावर गेले, आता तालुक्याला नोकरी करतो.

उत्पन्न विचारूच नका. माझी आई आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. हा दाखला देणार की रेशन कापणार, त्यावर आकडा ठरायचा. त्याऐवजी उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेला आगाऊ पैसा, विचारा. यंदा किती घेतली, कुणाकडून, मागची किती फिटायची राहिली आणि किती कोयत्यांवर घेतली. एक कोयता म्हणजे जोडपं. गडी एकटा गेला तर अर्धा कोयता, उचलही अर्धी. म्हणून आई मागे राहू शकत नाही, आणि आई गेली की पोरं तिच्यामागे जातात. एवढं कागदावर आलं तरी वाचणाऱ्याला कळेल की वसतिगृह कशाला हवं.

दुसरं, मागे कोण राहतं ते नावानिशी लिहा. ‘आजी आहे’ एवढ्यावर भागत नाही. तिला दिसतं का, तिच्याच्यानं चूल होते का, रात्री दोन पोरं सांभाळता येतील का? आमची आजी घरी असायची, पण तिलाच शेजारीण भाकर द्यायची.

आणि तिकडे काय असतं तेही लिहा. पहाटे तीनला आईबाप फडात. बहीण कोपीपुढे (झोपडीपुढे) धाकट्याला घेऊन बसलेली. मी वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधून विकायला. गाडी सेंटरला, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहतात तिथे, पोरगं बैलांच्या वैरणपाण्यालाही लागतं, त्यामुळे नऊ-दहा वर्षांचा मुलगा मागे ठेवायला बाप सहजी तयार होत नाही. कोण गाडीला, कोण टायरला (टायरच्या गाडीवर), कोण डोकीला (मोळ्या डोक्यावर वाहायला) जातंय हे विचारून घ्या. कुठली पोरं थांबतील याचा अंदाज तिथेच येतो.

हमीचं_काम
वसतिगृहानं काय होणार? मूळ प्रश्न गावात काम नाही हा आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला. नमुना ४ भरून कामाची मागणी करा, तारखेसह पोच घ्या, १५ दिवसांत काम नाही तर बेकारभत्ता मागा. सगळ्या वस्तीनं एकदम मागणी केली की पंचायतीला हलावंच लागतं. मॅडमनी प्रश्नावलीत हाच रकाना घालावा : जॉबकार्ड आहे का, शेवटचं काम कधी मिळालं.

कोयत्याचा_पोरगा
रकाना जरूर घाला, माझी हरकत नाही. पण दादा, आठवड्याच्या मस्टरनं (हजेरीवरच्या मजुरीनं) माणूस थांबत नाही. बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, बोअरचं कर्ज, या सगळ्याला एकरकमी पैसा लागतो आणि तो पावसाळ्यात फक्त मुकादम देतो. रोजगार हमीची मजुरी खात्यावर कधी पडेल सांगता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. त्यानं फिटण्याला मदत झाली, जाणं काही थांबलं नाही.

हमीचं_काम
म्हणून कायमच मुकादमाच्या हातात राहायचं का? बचत गटाचं कर्ज आहे, पाणलोटाची कामं आहेत. आमच्या भागात बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी टिकलं, काही घरं जायची थांबली.

खडूफळा
तुम्ही दोघं यासाठी वेगळा धागा काढा. मॅडमना सोमवार गाठायचाय.

मॅडम, एकट्यानं फिरू नका. अंगणवाडी ताईंकडे शून्य ते सहा वर्षांची मुलं घरवार लिहिलेली असतात, आशाताईंना गरोदर बाई कुठल्या घरात आहे ते ठाऊक असतं. तिसरी यादी मुकादमाची. तो वहीत कोयते मांडूनच ठेवतो, समोर बसून विचारलं तर सांगतो. या तीन याद्या तुमच्या पटाशी ताडून बघा. शाळेत नाव नसलेलं एखादं मूल निघेलच. रेशनकार्डाच्या रंगावर गरिबी ठरवू नका. पिवळ्याची मर्यादा वर्षाला १५ हजार आणि केशरीची १ लाख, तीही फार जुनी. जमीन लिहा, पण एकरांसोबत विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं तेही लिहा. आठ एकर माळ आणि अर्धा एकर बागायत यांतला फरक त्याशिवाय दिसत नाही.

आता एक सांगा, शाळा व्यवस्थापन समितीतले किती जण उसाला जातात?

टेकडीवरची_शाळा
समितीत पालक निम्म्याहून जास्त, आणि त्यातले बहुतेक जातात. अध्यक्ष स्वतः जातात. का?

खडूफळा
कारण वसतिगृह समितीच चालवते. ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असा नियम आहे, पण नोव्हेंबरात ती समिती गावात नसते. किराणा भरायचा, स्वयंपाकाच्या ताई ठरवायच्या, आणि अध्यक्षांची सही मिळणार कुठे? आमच्याकडे मंजुरी आली, पैसे आले आणि सहीवाचून पडून राहिले. मुलं तेवढ्यात गेली. टोळ्या निघायच्या आत बैठक लावा, गावात थांबणाऱ्या पालकाकडे अध्यक्षपद द्या आणि इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावही मांडा. पंचायतीनं १० टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो, त्यातून सतरंज्या-पांघरुणांचं काही होतं का ते ग्रामसेवकांना विचारा.

जुनी_मोठीबाई
मी ३० वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. माझं मत वेगळं आहे. सहा-सात वर्षांचं लेकरू पाच महिने आईपासून तोडू नये. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जिथे जाईल तिथल्या शाळेनं वयानुरूप वर्गात घ्यायचं, कागद नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही. शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत दाखवायचं) भरून आईच्या हातात द्या आणि कारखान्याजवळच्या शाळेला फोन करा.

कोयत्याचा_पोरगा
बाई, तुमचा मान राखून सांगतो. टोळी एका जागी राहत नाही. एक फड संपला की कोपी मोडून दुसरीकडे. कार्ड आईच्या ट्रंकेतच राहतं. कारखान्याच्या तळावर मुक्काम असेल तरच ते कामाला येतं.

जुनी_मोठीबाई
तळावर असतील त्यांना तरी द्या. आणि ज्यांना ठेवाल त्यांना आईशी रोज बोलता येईल अशी सोय करा. आई जवळ नसली की पोरं जेवत नाहीत, हे मी बघितलंय.

मोठ्या मुलींकडेही लक्ष ठेवा. पोरीला एकटी घरी ठेवायची भीती, म्हणून लग्न उरकून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७. प्रश्नावली पाचवीपर्यंतच्या मुलांवर थांबवू नका. घरातली १२ ते १७ ची प्रत्येक मुलगी लिहा.

एक्सेलवाला
मॅडम, कागदावर भरा, हरकत नाही. फोटो पाठवा, मी तक्ता करून देतो. मुलांची नावं झाकून पाठवा.

टेकडीवरची_शाळा
सगळ्यांचे आभार. कालपासून तांड्यावर आणि खालच्या वस्तीवर फिरते आहे. अंगणवाडी ताई सोबत होत्या म्हणून घरात बसून बोलता आलं. उचल विचारल्यावर लोक खरंच मोकळं बोलले. उत्पन्नाचा रकाना मी रिकामा ठेवला.

माझ्या वर्गात दुसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, तो तिची पाटी चाटत बसतो. मला वाटायचं आई सकाळी रानात जाते म्हणून. घरी गेल्यावर कळलं की या दोघांना मागे ठेवायचं ठरतंय ते मोठ्या बहिणीच्या भरवशावर. ती १३ वर्षांची, सातवीत. आजीला मोतीबिंदू. आई म्हणाली, ‘मॅडम, वसतिगृह झालं तर तिघंही ठेवते. नाही झालं तर मोठीला बघायला येणारेत.’

आमची शाळा पाचवीपर्यंत. सातवीतली मुलगी आमच्या वसतिगृहाच्या यादीत धरता येईल का? ती नसेल तर बाकीचे दोघं थांबत नाहीत.

हमीचं_काम
लग्नाचं ऐकलं असेल तर आधी ग्रामसेवकांना सांगा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. नाही तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा. आईचं जॉबकार्ड आहे का तेही बघा.

जुनी_मोठीबाई
आईनं विश्वासानं सांगितलंय. उद्याच सरकारी गाडी दारात आली तर ती पुन्हा कुणाशी बोलणार नाही. आधी तिच्याजवळ बसा, सोयरीक थांबवायला सांगा. ऐकलं नाही तर ग्रामसेवक आहेतच, तेव्हा मागेपुढे बघू नका.

खडूफळा
यादीत धरता येईल का हे केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्या, तोंडी ‘बघू’ वर राहू नका. पण तिचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे? तिथे वसतिगृहाचा प्रस्ताव गेलाय का? त्या हेडसरांशी आज संध्याकाळीच बोला.

टेकडीवरची_शाळा
तीन किलोमीटरवरच्या शाळेत. प्रस्ताव गेला नाही, त्यांना मुदतच माहीत नव्हती. आत्ता फोन झाला. ते उद्या सकाळी त्यांची यादी घेऊन आमच्याकडे येतायत, मग आम्ही दोघं आईला भेटायला जातो.