पॅनिक अटॅकसाठी नैराश्याची गोळी? नऊ दिवस पाकीट उघडलेलं नाही

निळीवही:
नमस्कार. वय ३६, शाळेत गणित शिकवते. पहिला अटॅक सहा महिन्यांपूर्वी वर्गातच आला. फळ्यावर समीकरण सोडवत होते, मुलांकडे पाठ. एकदम छातीत धडधड, बोटांना मुंग्या, मुलांचे आवाज लांबून आल्यासारखे. खडू हातातून पडला. वाटलं, आता इथेच सगळ्यांसमोर संपणार. त्या रात्री दवाखान्यात गेले. ईसीजी ठीक, रक्त ठीक, पुढच्या आठवड्यात थायरॉइडही ठीक.

त्यानंतर अकरा अटॅक आले. तारीख-वेळेसकट वहीत लिहून ठेवलेत. पण अटॅक दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. मला खाऊन टाकतात ते दोन अटॅकमधले दिवस. लिफ्ट सोडली. वर्गात दाराजवळ उभी राहते. फळ्यावर गणित सोडवायला मुलांनाच बोलावते, म्हणजे पाठ फिरवावी लागत नाही. मुलांना वाटतं, बाई आम्हाला संधी देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम दिलंय. आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. आतल्या कागदावर पहिल्याच ओळीत ‘नैराश्य’. मला झोप लागते, भूक लागते, शिकवायला मनापासून आवडतं. मग हे मला का? त्यात दुष्परिणामांच्या यादीत ‘अस्वस्थता’ आहेच. ज्यासाठी घ्यायचं तेच वाढणार असेल तर? सवय लागते का? ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

उंबरठा:
ताई, मी सर्ट्रालिन अडीच वर्षं घेतलं. थांबवून दीड वर्ष झालं.

आधी नावाचं. ‘नैराश्याची गोळी’ हे नाव ती आधी कशासाठी वापरली गेली त्यावरून पडलं. १९६० च्या आसपास अमेरिकेत डोनाल्ड क्लाइन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी इमिप्रामिन हे त्या वेळचं नवं नैराश्याचं औषध पॅनिकच्या रुग्णांना देऊन पाहिलं. काही आठवड्यांनी रुग्णाला विचारलं तर तो म्हणे, काही फरक नाही, भीती तशीच आहे. फरक पकडला वॉर्डातल्या नर्सनी. हाच माणूस आधी ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत यायचा, तो आता येतच नव्हता. अटॅक थांबले होते, अटॅक येईल ही भीती उरली होती. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे तिथून लक्षात येत गेलं. १९८० मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत पॅनिकला स्वतंत्र निदान मिळालं. आज वापरतात ती एसएसआरआय गटातली औषधं (तुमचं एस्सिटालोप्राम, माझं सर्ट्रालिन त्यातलीच) इमिप्रामिनपेक्षा सोसायला सोपी. म्हणून पॅनिकसाठी साधारण तीच आधी देतात, नैराश्य असो वा नसो.

तुमची वही वाचून ही गोष्ट आठवली, कारण तुम्ही अटॅक आणि मधले दिवस स्वतःच वेगळे केलेत.

आता अस्वस्थतेचं. हो, वाढू शकते. माझी वाढली. मला पूल ओलांडताना अटॅक यायचे, आणि नोकरी अशी की रोज दोन पूल. २५ मिलिग्रॅमने सुरुवात केली. पाचव्या रात्री तीन वाजता टक्क जागा, जबडा घट्ट, अंगात कुणी मोटार चालू केल्यासारखं. सकाळी गोळ्या फेकून द्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना फोन कर. त्यांनी आठवडाभर अर्धी गोळी करायला सांगितलं, मग परत पूर्ण, मग ५०. पॅनिकच्या माणसाला आपल्या शरीरातला बारीकसा बदलही धोक्याची घंटा वाटतो, म्हणून सुरुवात कमी डोसने करतात. तुम्हाला ५ दिलंय ते त्याचसाठी. पहिले एक-दोन आठवडे असे जाऊ शकतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र इतकी भयंकर गेली नसती.

सहाव्या आठवड्यात एकदा पुलाच्या मध्यावर आलो आणि तेव्हा लक्षात आलं, अरे, आपण पुलावर आहोत. इतकंच. आनंदही लगेच झाला नाही, घरी गेल्यावर झाला. गोळीने मला आनंदी वगैरे केलं नाही. आत सारखा वाजणारा भोंगा बंद केला. मात्र पूल टाळायची सवय गोळीने गेली नाही. ती मला पुलावर जाऊन-जाऊनच मोडावी लागली.

सांजवेळ:
सवयीबद्दल लिहिते, कारण मी ती चूक केलीय. आठ महिने पॅरोक्सेटिन (हेही त्याच गटातलं) घेतलं, छान वाटायला लागलं, आणि कुणाला न विचारता एका दिवसात बंद केलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, उगाच रडू. मला वाटलं आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, शरीराला औषधाशिवाय राहायची सवय व्हायला वेळच मिळाला नाही. पुन्हा सुरू करून चार महिन्यांत हळूहळू उतरवलं, शेवटचे टप्पे सगळ्यात लहान. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे त्याचा हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन खूप दिवस रेंगाळतं, त्याचा कमी.

पण याला व्यसन म्हणत नाहीत. डोस वाढवत न्यावा अशी ओढ मला कधीच लागली नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची गोष्ट वेगळी. त्या अर्ध्या-एक तासात शांत करतात म्हणून हात तिकडेच वळतो, आणि त्यांची खरंच सवय लागते. मला त्या फक्त सुरुवातीच्या तीन आठवड्यांपुरत्या दिल्या होत्या.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. तुम्ही दुसरं काय घेता, विशेषतः आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या (रक्तस्रावाचा धोका वाढतो) आणि ट्रॅमाडॉल (तेही वेदनाशामकच). आणि घरात कुणाला बायपोलरचा (मन कधी अति उत्साहात, कधी खोल नैराश्यात जाण्याचा) त्रास होता का, तेही. शरीरसंबंधांची इच्छा कमी होऊ शकते. माझी झाली होती. वर्षभर लाजेने बोलले नाही, बोलले तेव्हा त्यावरही उपाय निघाला.

आई_एकोणीसची:
माझ्या मुलासाठी हाच प्रश्न होता. वाचणाऱ्यांत कुणी तरुण असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. २५ च्या आतल्या मुलांत ही औषधं सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००४ पासून लहान मुलांसाठी आणि २००७ पासून २४ वर्षांपर्यंत तसा ठळक इशारा पाकिटासोबत असतो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिला महिना दर आठवड्याला बोलावलं. मी त्याला रोज रात्री थेट विचारायचे, आज मरावंसं वाटलं का? पहिल्यांदा हा प्रश्न तोंडातून निघताना माझा आवाज फुटला. तो म्हणाला, नाही आई, पण विचारलंस ते बरं केलंस. आता तो परत कॉलेजला जातो.

चालणारी:
मी गोळीशिवाय बरी झाले, सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीने. हे गोळीच्या विरोधात लिहीत नाही. माझ्या मैत्रिणीने दोन्ही एकत्र केलं आणि तिला ते मानवलं. थेरपिस्टने माझ्याकडून खुर्चीत मिनिटभर गोल फिरवून घेतलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिना पळत चढायला लावला. मुद्दाम चक्कर, मुद्दाम धडधड. शरीर हे करतं आणि काही वाईट होत नाही, हे शरीरालाच दाखवायचं. पहिल्या वेळी मी खुर्चीतच रडले. निळीवही, तुमच्या बाबतीत ती खुर्ची म्हणजे फळा.

निळीवही:
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून दुसऱ्या सकाळी पहिली गोळी घेतली. आज अठरावा दिवस.

चार दिवस मळमळ होती, खाल्ल्यावर गोळी घेतली की कमी वाटायची. सहाव्या दिवशी मोठा अटॅक आला, वहीतला सगळ्यात लांब. उंबरठा यांनी लिहिलेली तीन वाजताची रात्र माहीत होती म्हणून थांबवलं नाही, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ५ वरच आणखी चार दिवस ठेवलं. आता १० आहे. या आठवड्यात एक अटॅक, तोही अर्धवट. थेरपिस्टची पहिली वेळ पुढच्या सोमवारी मिळालीय.

काल फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. पाठ मुलांकडे. धडधड झाली, हात थरथरला, अक्षर वाकडं आलं. चौथी ओळ मुलीला सोडवायला दिली, पण ती मला तिला द्यायचीच होती.

एक विचारायचं राहिलं. दुपारच्या तासाला जांभयांवर जांभया येतात, झोप पूर्ण झालेली असतानाही. हे गोळीचं आहे का? थांबतं का?

उंबरठा:
गोळीचं असू शकतं. मलाही यायच्या, पाचव्या आठवड्यात कमी झाल्या. सोमवारी सांगून ठेवा. आणि तीन ओळींची तारीख वहीत लिहिलीत ना?

निळीवही:
लिहिली. वेळेसकट.