डोरेमॉनच्या बाहुल्या जमवणारे सोलापूरकर, आपापले अनुभव लिहा

डोरेमॉन म्हणजे जपानी कार्टूनमधलं निळं यंत्रमांजर. सोलापुरात त्याच्या बाहुल्या जमवणारी माणसं वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत. मुलांसाठी म्हणून घेतलेला पहिला, मग स्वतःसाठी दुसरा, असंच बहुतेकांचं सुरू होतं. अशा सगळ्यांनी लिहावं म्हणून हा धागा. कंपनीचा अस्सल असो, नवी पेठेच्या बाजारातला असो की गड्ड्यावरचा, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या यात्रेतला, सगळे चालतील. माझं तर ठाम मत आहे की गड्ड्यावरच्या नकला संग्रहात मानानं ठेवाव्यात.

अस्सलच्या खुणा ठरलेल्या आहेत. कान नाहीत, कारण गोष्टीत ते उंदरानं खाल्लेत. दोन्ही गालांवर तीन-तीन मिशा, तांबडा पट्टा, पिवळी घंटी, पोटावर पांढरा खिसा. १९६९ च्या डिसेंबरात फुजिको एफ. फुजिओंनी जपानी मुलांच्या मासिकांतून त्याला आणलं, तेव्हापासून तो ओळखू येतो तो यांवरूनच. मी होम मैदानावर संक्रांतीच्या यात्रेत घेतलेल्या डोरेमॉनला मात्र चांगले टोकदार कान आहेत! मांजर म्हटल्यावर कान हवेतच, असं शिवणाऱ्यानं धरलं असणार. कपाटात सगळ्यांत पुढं मी त्यालाच ठेवते. असा जपानात शोधून मिळायचा नाही.

साखर पेठेतून

ताई, कानवाल्याचा फोटो टाकाच.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. माझा पहिला डोरेमॉन नानम्मानं, म्हणजे आजीनं, शिवला. वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. विणताना दोष राहिलेला एक निळा टर्किश टॉवेल त्यांनी घरी आणला, त्याचं अंग झालं. आत कारखान्यातलंच वाया गेलेलं सूत कोंबलं. डोळ्यांना ब्लाऊजची प्रेस-बटणं, आणि घंटीच्या जागी बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. टीव्हीवर तो हिंदीत बोलायचा, नानम्माला हिंदी येत नव्हतं. ती नुसता चेहरा बघून शिवायची, जाहिराती लागल्या की सुई थांबायची. खिसा तिनं खराखुरा उघडा ठेवला होता. त्यात माझे चिंचोके आणि पेन्सिलीचे तुकडे असायचे. पुढं कंपनीचे बरेच घेतले, पण एकाचाही खिसा तेवढा खोल नाही.

विजापूर रोडवरून

आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढं आरास मोठी असते. धान्याच्या राशी, फराळाची ताटं, लाकडी भातुकली, आणि गेली काही वर्षं मुलीचे डोरेमॉन आणि त्याच गोष्टीतले नोबिता, शिझुका. सासूबाईंनी स्वतः त्यांना पायरीवर जागा करून दिली. त्यांच्या लहानपणी तिथं मातीचे वाणी आणि वाणीण मांडत, आता मुलांच्या ओळखीचे हे आहेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार पटलं.

डोरेमॉनचा वाढदिवस ३ सप्टेंबर, साल २११२, हे मुलीला तोंडपाठ. २०२२ मध्ये महालक्ष्म्या नेमक्या ३ सप्टेंबरला आल्या. मुलीनं मुखवट्यांबरोबर त्यालाही ओवाळायला लावलं. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांनी आधी देवीला हात जोडले, मग त्याचं विचारलं.

होटगी रोडवरून

मी मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या जमवतो, त्यामुळं उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवं. अशा प्लास्टिकमध्ये ते लवचीक राहावं म्हणून तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उष्णतेनं ते हळूहळू वर येतं, अंग चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, त्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाहुली वाचत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यांत वाईट. दोन बाहुल्या एकमेकींना टेकवूही नका, एकीचा रंग दुसरीला चढतो आणि मग निघत नाही. जुनी धुतलेली सुती साडी फाडून एकेकीला वेगळं गुंडाळा. माळ्यावर नको, खालच्या कप्प्यात ठेवा.

अशोक चौकातून

दादांनी प्लास्टिकचं सांगितलं, मी कापडाचं सांगतो. रंगाईच्या कामात आयुष्य गेलंय. गड्ड्यावरची निळी बाहुली धुण्याआधी ओलं पांढरं फडकं तिच्या पाठीवर जरा चोळा. फडकं निळं झालं तर रंग कच्चा, तिला पाण्यात बुडवायचंच नाही. पोटाचा पांढरा खिसा पहिल्यांदा खराब होतो. नुसतं कोरड्या ब्रशनं झटका. पक्का निघाला तर थंड पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा.

जुळे सोलापुरातून

मी कॉलेजात आहे. पोरानं बाहुल्या काय जमवायच्या, असं घरी येणारे सगळे विचारतात. मी त्यांना सांगतो, २००८ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयानं याच डोरेमॉनला आपला अॅनिमे दूत, म्हणजे जपानी कार्टूनचा दूत, नेमलं. ज्याला एक देश आपला दूत मानतो, त्याला माझ्या टेबलावर जागा असणारच.

मला डोरेमी हवी आहे, त्याची पिवळी बहीण. नवी पेठेत निळे ढिगानं मिळतात, पिवळी दिसत नाही. कुणाकडं दोन असतील तर माझ्याकडं टर्किशचे नाहीत, पण कानवाले दोन आहेत. अदलाबदल करू.