६ टीबीचा ओरॅकल एआयएक्सवरून क्लाउडवर न्यायचाय, बंद ठेवायला मिळतात फक्त चार तास

चाकण_आयटी

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघतो. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) ओरॅकल १९सी डेटाबेसवर आहे, आयबीएमचा सर्व्हर, ओएस एआयएक्स, डेटाबेस साधारण ६ टीबी. सर्व्हरचा सपोर्ट संपत आलाय, म्हणून क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये लिनक्सवर जायचं ठरलंय.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारची तिसरी पाळी गुरुवारी सकाळी सातला सुटते, पण डिस्पॅच तेव्हाही चालू असतो. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल ईआरपीतूनच निघतं. ते नसेल तर ट्रक गेटबाहेर पडत नाही, आणि ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर आमचा साठा जेमतेम एका पाळीचा असतो. त्यामुळे सात ते अकरा, एवढीच वेळ. व्हेंडर म्हणतो, ओरॅकलच्या डेटा पंप टूलने एक्सपोर्ट-इम्पोर्ट करू, दोन दिवस द्या. लाइन ५०० एमबीपीएसची आहे. चार तासांत होण्यासारखं आहे का?

रिडो_लॉग

एआयएक्स बिग एंडियन, एक्स८६ लिनक्स लिटल एंडियन, म्हणजे बाइटचा क्रमच उलटा. त्यामुळे क्लाउडवर डेटा गार्डचा स्टँडबाय (सतत ताजी राहणारी प्रत) उभा करून स्विचओव्हर करायचा, हा सोपा रस्ता बंद. एक्सटीटीएस (डेटाफाइलच दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेण्याची पद्धत) बघा. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप टूलने डेटाफाइल आधीच नेऊन कन्व्हर्ट करायच्या, वर इन्क्रिमेंटल बॅकअप (मध्ये बदललेलं तेवढंच) लावत राहायचे. शेवटच्या दिवशी टेबलस्पेस रीड ओन्ली करून उरलेला इन्क्रिमेंटल आणि मेटाडेटा (टेबलं-इंडेक्सच्या व्याख्या) तेवढा न्यायचा. गोल्डनगेटच्या (बदल सतत दुसऱ्या डेटाबेसवर नेणारं ओरॅकलचं सॉफ्टवेअर) लायसन्सचा खर्चही वाचतो.

तिसरी_पाळी

एक्सटीटीएस वाईट नाही, पण त्याआधी ईआरपीच्या स्कीमात ऑब्जेक्ट किती आहेत ते मोजा. शेवटच्या मेटाडेटा इम्पोर्टला किती वेळ लागणार हे टीबीवर ठरत नाही, टेबलं, इंडेक्स आणि पार्टिशनं किती यावर ठरतं. ईआरपीत हा आकडा सहज लाखात जातो, आणि इम्पोर्ट संपेपर्यंत काम बंद. मी आधी एकदा कोरडी तालीम करून हा वेळ मोजेन. दोन तासांच्या वर गेला तर एक्सटीटीएस सोडून द्या.

व्हेंडरचा हिशेब मला पटत नाही. ५०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबासष्ट एमबी. ६ टीबी जायला २७ तासांच्या आसपास, तेही लाइन पूर्ण तुमच्याच ताब्यात असेल तर. डम्प कॉम्प्रेस केला तर थोडा कमी. मग इम्पोर्ट, मग इंडेक्स. एवढा वेळ कारखाना थांबवायचं कारणच नाही, कारण डेटा चालू कामात नेता येतो.

तुमच्या जागी मी असं करेन. डीआर साइटवर (आपत्तीसाठी ठेवलेली दुसरी जागा) एआयएक्सचाच स्टँडबाय असेल (बहुतेक असतोच), तर तो स्नॅपशॉट स्टँडबाय करायचा, म्हणजे प्रायमरीचे बदल लावणं थांबवून तो उघडायचा. व्ही डॉलर डेटाबेसमध्ये स्टँडबाय_बिकेम_प्रायमरी_एससीएन दिसतो (एससीएन म्हणजे बदलांचा चढता क्रमांक), तो लिहून ठेवायचा. डेटा पंपचा एक्सपोर्ट तिथून घ्यायचा. मुख्य सर्व्हरवर ताण नाही, अनडू (बदलाआधीच्या डेटाची तात्पुरती नोंद) पुरत नाही म्हणून मध्यरात्री ओरा-०१५५५ एरर येऊन एक्सपोर्ट पडायची भीती नाही. क्लाउडवर इम्पोर्टला आठवडा लागला तरी लागू दे. गोल्डनगेटचा एक्स्ट्रॅक्ट (बदल वाचून घेणारा भाग) मात्र त्या एससीएनच्या आधीपासून चालू हवा. इम्पोर्ट झाला की रेप्लिकॅट (ते बदल पलीकडे लावणारा भाग) त्या एससीएनच्या पुढून सोडायचा. दोन-तीन दिवसांत तो प्रायमरीला (मुख्य डेटाबेसला) गाठतो, मग लॅग सेकंदांत राहतो.

यात चार ठिकाणी माणसं हमखास अडकतात. सप्लिमेंटल लॉगिंग (बदललेली ओळ ओळखायला लागणारी जादा नोंद) एक्सपोर्टच्या आधी चालू करा, नंतर नाही. फोर्स लॉगिंगही लावा. रात्रीच्या बॅचमध्ये कुणीतरी नोलॉगिंगने अपेंड इन्सर्ट लिहिलेले असतात, तो डेटा रिडोमध्ये (बदलांच्या लॉगमध्ये) येतच नाही, आणि पलीकडे टेबल अर्धवट राहून कुणाला पत्ता लागत नाही. प्रायमरी की नसलेली टेबलं शोधून त्यांना सगळ्या कॉलमचं लॉगिंग द्या. आणि क्लाउडवरचे शेड्यूलर जॉब इम्पोर्ट होताक्षणी बंद करा, नाहीतर ऑर्डरचा तोच मेल सप्लायरला दोन्हीकडून जाईल.

एवढं झालं की गुरुवारी सकाळी कॉपी करायचं काही उरत नाही. ते चार तास फक्त पडताळणीला वापरा. ओळी मोजून थांबू नका. ट्रायल बॅलन्स आणि प्लांटनिहाय क्लोजिंग स्टॉक, हे दोन रिपोर्ट दोन्हीकडे चालवा आणि अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवून पैशापर्यंत जुळवा. त्याला ‘जुळलं’ म्हणायचा अधिकार आहे, आपल्याला नाही.

लीज्ड_लाइन

नेटवर्कच्या बाजूने: अॅप सर्व्हर चाकणलाच ठेवून फक्त डेटाबेस मुंबईला नेणार असाल तर थांबा. तुमचा एमआरपी रन (उत्पादनाला लागणाऱ्या मालाचा हिशेब) डेटाबेसला २० लाख फेऱ्या मारतो असं धरा. लॅनवर फेरीला ०.३ मिलिसेकंद म्हणजे दहा मिनिटं. तीच फेरी ४ मिलिसेकंदांची झाली की सव्वादोन तास. अॅप सर्व्हर सोबतच न्या. शिवाय वजनकाट्याचा पीसी, बारकोडची स्टेशनं, कँटीनचं पंचिंग, असल्या ठिकाणी टीएनएस फाइलमध्ये (डेटाबेसचा पत्ता इथे असतो) जुना आयपी कोरलेला असतो. आत्तापासूनच सगळीकडे डीएनएस नाव घाला. कटओव्हरच्या (नव्यावर जायच्या) दिवशी शॉप फ्लोअरवर पेनड्राइव्ह घेऊन धावायची वेळ येता कामा नये.

चाकण_आयटी

खूप आभार. तिसरी_पाळी ताई, डीआरला स्टँडबाय आहे. ऑब्जेक्टचा आकडा काढतो. अजून एक: आमचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) डब्ल्यूई८एमएसविन१२५२ आहे, क्लाउडवर एएल३२यूटीएफ८ (युनिकोड) घ्यायला सांगताहेत. पगारपत्रकात कामगारांची नावं मराठीत आहेत, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. काही त्रास?

तिसरी_पाळी

होईल, आणि यावर सगळ्यात आधी काम करा. जुन्या फाँटमध्ये डेटाबेसला मराठी कळतच नाही. तो इंग्रजी चिन्हांचे बाइट साठवतो, ‘क’ दिसतो तो फाँटमुळे. १२५२मध्ये पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. फाँटने त्यातला एखादा वेलांटीला किंवा जोडाक्षराला वापरला असेल, तर यूटीएफ८ होताना तो बाइट हरवतो आणि नाव कायमचं बिघडतं. ओरॅकलचं डीएमयू टूल अशा ओळी शोधून देतं. ते कॉलम वेगळे काढा आणि फाँटच्या तक्त्यावरून युनिकोडमध्ये उतरवा.

दुसरं, यूटीएफ८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळा धरून. व्हारकॅर२(५०) बाइटमध्ये मोजलेला असेल तर १६ चिन्हंच मावतात. वडिलांचं नाव आणि आडनाव धरून बऱ्याच जणांचं पूर्ण नाव त्यात बसणार नाही. कॉलम कॅरेक्टरमध्ये मोजायला लावा. ज्या माणसाचं नाव चुकेल त्याच्या हातात तीच पगाराची चिठ्ठी जाते, पीएफमध्ये तेच नाव जुळवावं लागतं. ‘नंतर बघू’ म्हणून हे सोडू नका.

चाकण_आयटी

समजलं. आणि काही बिनसलं तर परत फिरायचं कधी?

तिसरी_पाळी

नऊ वाजता. साडेनऊ नाही. नऊपर्यंत दोन्ही रिपोर्ट जुळले नाहीत तर जुना सर्व्हर चालू करा, कुणाला विचारत बसू नका. हे आधीच लेखी ठरवून प्लांट हेडची सही घ्या. सगळं जुळून नव्यावर व्यवहार सुरू झाले, तर त्याच क्षणापासून उलटं रेप्लिकेशन चालू हवं, क्लाउडवरून जुन्या एआयएक्सकडे. निदान एक महिनाअखेर त्यावर निघू द्या. मार्चअखेर जवळ असेल तर तारीखच पुढे ढकला.

आणि डिस्पॅचवाल्यांना भेटा. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. बुधवारी रात्रीच बिलं काढून माल पुढे रवाना होत असेल तर ग्राहकाकडे दोन पाळ्यांचा साठा राहील, आणि अकराची वेळ एकपर्यंत ताणता येईल.