लोकलमधली चौथी सीट : हक्क की मेहरबानी?

बदलापूर_स्लो
सेकंड क्लासचा बाक तिघांचा. तरी चौथा येतो, "जरा सरका" म्हणतो, आणि तिघं सरकतात. रेल्वेच्या नियमात हे कुठेही नाही, पण मुंबईत ते चालतं. माझं ठाम मत : चौथी सीट हा उभ्या माणसाचा हक्कच आहे. तासभर लोंबकळत आलेल्याला चार बोटं जागा द्यायला जिवावर येत असेल, तर त्या माणसाचं काय सांगायचं!

खिडकीवाला
हक्क? मी डोंबिवलीहून आधी उलटा कल्याणला जातो, तीच गाडी पकडून बसून येतो. अर्धा तास लवकर उठून कमावलेली जागा आहे ती. तुम्ही मागा, मी देईन. पण सरळ येऊन गुडघ्याने ढकलायचं, आणि मी कपाळाला आठी घातली की मीच खडूस! माणसाला एकदा दिलं की दुसऱ्या दिवशी तो हिशेब मागायला येतो.

बदलापूर_स्लो
अहो, पण त्या चौथ्याला मिळतं काय? एक मांडी बाकावर, दुसरी हवेत. एक पाय वाटेत रोवलेला, त्यावरून येणारे-जाणारे तुडवत जातात. गाडीने ब्रेक मारला की तो सगळा भार त्या एका पायावर तोलतो. एवढ्यासाठी मेहरबानीची भाषा कशाला?

लेडीज_डबा
आमच्याकडे याहून पुढची पद्धत आहे. चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारून जागा ठरवून ठेवायची. घाटकोपरला मेट्रोसाठी उतरणारी असली की तिच्यापुढे आधीच नंबर लागलेला. भांडणंही होतात, झिंज्या उपटण्यापर्यंत जातात. पण ज्या बाईने काल भांडून जागा घेतली, तीच आज पोटुशी बाई दिसली की सगळ्यात आधी उठते. हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून मी बदलापूरकरांच्या बाजूने.

मणक्याचा_पेशंट
मी विरोधात. कंबर धरलेली असताना सरकायचं म्हणजे तिघांत दाबून घ्यायचं. "दुखतंय हो" म्हटलं तर समोरचा म्हणतो, "दिसत तर नाही." नाही म्हणायची सोय नसेल तर ती रीत कसली, ती दांडगाई. फर्स्ट क्लासमध्ये सहसा चौथा मागत नाही, तिथे कुणाची माणुसकी आटली असं आपण म्हणतो का?

बदलापूर_स्लो
दुखणं असेल तर प्रश्नच नाही, कुणी जबरदस्ती करू नये. पण धडधाकट माणसाचं काय? फलाटावर असतो तेव्हा "आत सरका, खूप जागा आहे" म्हणून ओरडतो, आत शिरला की पुढच्या स्टेशनवर दारातल्यांना "अहो, जागा कुठाय!" सांगतो. दोन स्टेशनांत माणूस एवढा बदलतो.

खिडकीवाला
हे मात्र खरं. तरी हक्क म्हणू नका. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याला बसलेले उठतात आणि उभे असलेले बसतात. कुणी कायदा केला नाही, रोज तोंड बघायचं असतं म्हणून होतं. अनोळखी माणसाने निदान आधी तोंड उघडून विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

बदलापूर_स्लो
विचारलंच पाहिजे, मान्य. पण विचारल्यावर खिडकीबाहेर बघत बसलेल्यांना मी माफ करणार नाही.