नाट्यकाव्य, काव्यनाट्य आणि नाट्यगीत

ऱ्हस्वदीर्घ : ‘नाट्यकाव्य’ आणि ‘काव्यनाट्य’ एकच का? आणि ‘नाट्यगीत’ म्हणजे नाटकातलं पदच ना?

यतिभंग : एकच नव्हेत. अशा समासात वजन शेवटच्या शब्दाला. साखरभात हा भातच असतो. तसं काव्यनाट्य हे नाटकच : रंगमंचावर करायचं, पात्रं पद्यात बोलतात. हिंदीतलं ‘अंधा युग’ घ्या. नाट्यकाव्य ही कविताच, फक्त तिच्यात कवीऐवजी एखादं पात्र बोलतं. ‘नाट्यगीत’ मात्र दोन घरचा पाहुणा. समीक्षक तो भा. रा. तांब्यांच्या पात्रमुखी कवितांना लावतात, श्रोते ‘संगीत शाकुंतल’पासूनच्या (1880) पदांना. घोळ नको असेल तर रंगभूमीवरच्याला ‘नाट्यपद’ म्हणावं.

ऱ्हस्वदीर्घ : म्हणजे ‘मी’ आला की नाट्यकाव्य?

यतिभंग : भावकवितेतही ‘मी’ असतोच. विचारायचं ते हे, की ऐकतंय कोण? इंग्रज कवी ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (1842) पाहा. ड्यूक दिवंगत पत्नीचं चित्र एका दूताला दाखवतोय. दूत आलाय ड्यूकच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला. तो एक शब्दही बोलत नाही. पण शेवटी ड्यूक ‘नाही, आपण बरोबरच खाली जाऊ’ असं म्हणतो, तेव्हा दूत अदबीने मागे सरल्याचं आपल्याला कळतं. रंगसूचना बोलण्यातच मुरलेली. शिवाय ड्यूक मिरवतोय स्वतःची अभिरुची, वाचकाला दिसतं त्याचं क्रौर्य. कथाकाव्यात हे निवेदक सांगून टाकतो.

पोथीबाड : आपल्याकडे याला जुनं नाव आहे, आकाशभाषित. ‘भाण’ या संस्कृत एकपात्री नाट्यप्रकारात एकटा विट (रंगेल, बोलघेवडं पात्र) अदृश्य माणसाशी बोलतो, ‘काय म्हणतोस?’ विचारून त्याचं उत्तरही स्वतःच उच्चारतो. ब्राउनिंग ते उत्तर गाळतो, एवढाच फरक. म्हणून या प्रकाराला ‘स्वगत’ म्हणू नये. स्वगतात समोरच्याने ऐकायचंच नसतं. ‘एकभाषित’ बरा.

ऱ्हस्वदीर्घ : वृत्त कुठलं घ्यावं?

यतिभंग : बोलण्याला वाकेल ते. ‘डचेस’च्या 56 ओळी जोडीजोडीने यमकात आहेत, पण वाक्यं ओळीच्या टोकाला थांबत नाहीत, म्हणून यमक कानावर आदळत नाही. अनुवादात दर ओळीला पूर्णविराम आला की ड्यूक श्लोक म्हणू लागतो. शार्दूलविक्रीडित तर टाळाच. 19 अक्षरं, लघु-गुरू ठरलेले, बाराव्यावर यति, म्हणजे ठरलेला थांबा. पात्राला मध्येच ‘थांब!’ म्हणायचं असेल तर जागा मिळत नाही आणि ऐकणारा मंगलाष्टकाच्या चालीने अक्षता शोधू लागतो. मात्रावृत्त (अक्षरांचा क्रम नव्हे, मात्रा मोजायच्या) किंवा मुक्तच्छंद सोयीचा.

पोथीबाड : साकी-दिंडी या जुन्या गेय वृत्तांना मात्र नावं ठेवू नका. किर्लोस्करांच्या नाटकांत त्यांतून संवादही पुढे सरकतो.

यतिभंग : मान्य. पण म्हणून ते नाट्यकाव्य होत नाही. तिथे समोरचं पात्र उत्तर द्यायला हजर असतं.